आंब्याच्या दिवाणातली कीड : आखाजी ते दिवाळी

दिवाणाखाली पिठाच्या बारीक ढिगल्या दिसल्या की घरात पहिला शब्द निघतो ‘वाळवी’. उपाय तिथेच चुकतो. वाळवी बहुधा मातीच्या नळ्या बांधत येते आणि लाकूड आतून थराथराने खाते. माझ्या दिवाणाला मातीचा मागमूस नव्हता. होती ती दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि त्यांखाली मैद्यासारखं पीठ. चिमटीत चोळलं तर टाल्कम पावडरसारखं मऊ लागलं. म्हणजे हा लिक्टस नावाचा भुंगेरा. तेच खसखशीच्या दाण्यांसारखं लागलं असतं, तर कोरड्या लाकडातल्या वाळवीचा संशय घ्यावा लागला असता.

भोक ही किडा आत शिरल्याची नव्हे, बाहेर पडल्याची खूण आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. मादी कच्च्या, पॉलिश नसलेल्या लाकडाच्या मुळातल्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अळी कित्येक महिने आत पोखरत राहते आणि भुंगेरा झाल्यावरच बाहेर येते. भोकात रॉकेल सोडलं तर ते उडून जातं, आणि शेजारच्या बोगद्यातली अळी तशीच खात राहते.

कीड जिवंत आहे की जुनी, हे आधी ठरवलं. सगळी भोकं ब्रशने साफ करून त्यांभोवती पेन्सिलीने गोल केले, खाली काळा कागद अंथरला आणि पंधरा दिवस दिवाण जागचा हलवला नाही. हलवला तर जुनंच पीठ गळतं आणि फसगत होते. बाराव्या दिवशी कागदावर पांढरट पीठ होतं.

फळ्या आंब्याच्या, त्या सगळीकडून खाल्लेल्या. पाय सागाचे, पण त्यांच्यावर भोकं फक्त सालीलगतच्या पांढरट पट्ट्यात. अळीला लाकडातलं पिष्ट लागतं आणि ते त्या पांढऱ्या भागात असतं. गडद गाभ्याला ती तोंड लावत नाही. साग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पांढरा भाग किती आहे ते बघूनच माल घ्या.

आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं, आपलं ऊन हे फुकटचं औषध आहे. दिवाण आधी पूर्ण सुटा केला, कारण उष्णतेने गोंदाचे सांधे ढिले होतात आणि सनमायका फुगतो. पाऊण इंची फळ्या गच्चीवर विटांवर ठेवून काळ्या प्लास्टिकने चहूबाजूंनी बंद केल्या. त्याच जाडीच्या एका तुकड्याला भोक पाडून त्यात थर्मामीटर खुपसला. लाकडाच्या मध्यात 55 अंशांच्या वर निदान तासभर राहायला हवं. बाहेर 44 अंश असताना दुपारी दोनच्या पुढे ते जमलं. खात्रीसाठी फळ्या उलटून तीन दुपारी हेच केलं. तीन इंची पायांच्या मध्यात मात्र पारा 47 वरच अडकला, म्हणून त्यांना औषधच लागलं.

औषध असं : 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर. दोन्ही एकत्र पूर्ण विरघळतात. पॉलिशवर लावलं तर ते आत जातच नाही, त्यामुळे 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड उघडं केलं. मग ब्रशने तीन हात, दोन हातांमध्ये एक दिवस. पायांच्या भोकांत 5 मिलीच्या सिरिंजने, पाणी बाहेर ओघळेपर्यंत. पाचेक लिटर लागलं. वाळल्यावर पांढरी बुरशीसारखी लव दिसते, ती औषधातल्या क्षाराची असते. ओल्या फडक्याने पुसली की जाते. हातमोजे आणि मास्क हवाच, आणि लेकरांना जवळ येऊ द्यायचं नाही. पोळपाट-लाटण्याला हे अजिबात लावू नका. त्यांना उन्हाचाच उपाय, नाहीतर नवीन घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपाशीचं उरलेलं कीटकनाशक घरात असतं म्हणून ते पलंगाला मारू नका. त्यावर आपण रात्रभर श्वास घेतो. शेतातलं औषध शेतातच राहू द्या.

उपचारानंतर श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास, एका पायावर नवीन चार भोकं पडली. औषध वाया गेलं असं समजून दुसरं काही ओतू नये. कोरड्या लाकडात हे द्रावण वरचे काही मिलिमीटरच मुरतं, खोलवरचे काही किडे बाहेर येतातच. पण औषध बसलेल्या थरात नवी पिढी वाढत नाही. त्या भोकांत पुन्हा सिरिंज दिली आणि पुन्हा पेन्सिलीचे गोल केले.

म्हणूनच भोकं लगेच लांबीने (पुट्टीने) बुजवली नव्हती. बुजवली असती तर नवीन कोणतं, जुनं कोणतं, कळलंच नसतं. दिवाळीपर्यंत गोलांबाहेर एकही भोक दिसलं नाही, तेव्हा मेण भरून पॉलिश केलं. सुतार खालची बाजू आणि फळ्यांच्या कडा कोऱ्या सोडतात, अंडी पडतात ती नेमकी तिथेच. त्यामुळे पहिला हात दिवाण उलटा करून खालून दिला, आणि पायांच्या तळांनाही.