लेन्स पांढरी पडली, पण त्रास भलत्याच गोष्टीचा निघाला

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षं मी डोळ्यांचा विचारही केला नव्हता. उजवा डोळा आधी झाला, डावा वर्षभराने; दोन्हींत एकाच जातीची ॲक्रिलिकची, घडी करून आत सरकवतात ती लेन्स. मग रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास सुरू झाला. दिव्याभोवती दुधाळ उजेड पसरायचा आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्यात बुडून जायचा. दिवसा मात्र तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता यायची. त्यामुळे पहिले दोन महिने मी काचा पुसण्यात घालवले, आधी गाडीची, मग चष्म्याची.

शेवटी दवाखाना गाठला. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, हनुवटी टेकवली, आणि डॉक्टर म्हणाले, "लेन्स पांढरी पडलीय. बदलावी लागेल." फोटोही दाखवला. लेन्सच्या पृष्ठभागाखाली निळसर पांढरी साय धरलेली. मी हबकलो. इतक्या वर्षांत डोळ्यातली पिशवी (मूळ भिंगाचं पातळ आवरण, ज्यात ही लेन्स बसवतात) लेन्सला घट्ट चिकटलेली असते. ती सोडवून जुनी लेन्स काढणं पहिल्या शस्त्रक्रियेइतकं सोपं नसतं, हे त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर सहज एकेक डोळा झाकून दिव्याकडे पाहिलं. त्रास फक्त उजव्या डोळ्याला होता. आणि फोटोत जास्त पांढरी होती ती डावी लेन्स!

हे कोडं घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी लेन्सचं कार्ड मागितलं. ते सापडायला मला आठवडा लागला (जुन्या फायलीत, विम्याच्या कागदांखाली). त्यांना लेन्स कोणत्या पदार्थाची आहे ते हवं होतं. पाणी धरणाऱ्या ॲक्रिलिकच्या काही लेन्सांत कॅल्शियमचे कण साचतात, विशेषतः डोळ्यात हवा किंवा वायू सोडावा लागलेल्या रुग्णांत. तो गढूळपणा लेसरने जात नाही, लेन्सच बदलावी लागते. माझी लेन्स पाणी फारसं न धरणाऱ्या जातीची होती, आणि तिची म्हातारपणाची तऱ्हा वेगळी.

त्यांनी समजावलं ते असं. डोळ्यातल्या द्रवात वर्षानुवर्षं बुडालेल्या या ॲक्रिलिकमध्ये थोडं पाणी शिरतं आणि त्याचे बारीक थेंब होतात. काही थेंब काही मायक्रॉनचे, ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे हनुवटी टेकवून डोळा तपासतात त्या यंत्राखाली, चमचमतात. पृष्ठभागालगतचे याहून लहान, 200 नॅनोमीटरच्याही आतले. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 1.55 च्या आसपास, पाण्याचा 1.33, म्हणून प्रत्येक थेंबावर प्रकाश थोडा विखुरतो. इतके लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून ती निळसर झाक. अशी लेन्स बाहेर काढून वाळवली तर ती पुन्हा स्वच्छ दिसते, हे ऐकून मला गंमत वाटली.

पण खरा मुद्दा पुढे होता. डॉक्टर बघतात तो लेन्सवरून मागे, त्यांच्याकडे परतलेला प्रकाश. मला छळतो तो पुढे, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर विखुरलेला. मागे येणारा प्रकाश फोटोत भयंकर दिसला तरी पडद्यावर त्याचा परिणाम अगदी थोडा असू शकतो.

पुढे जाणारा मोजायची चाचणी कंटाळवाणी निघाली. भोवती एक कडं लुकलुकतं, मध्ये अर्ध्या अर्ध्या भागलेलं वर्तुळ. कुठला अर्धा भाग जास्त लुकलुकतोय ते बटण दाबून सांगायचं. निम्म्या वेळा मी अंदाजानेच दाबलं, आणि ते चालतं म्हणे. निकाल लॉगच्या मापात येतो. तरुण निरोगी डोळ्याचा साधारण 0.9, पासष्टीला 1.2 च्या जवळ; 0.3 वाढले म्हणजे विखुरलेला उजेड दुप्पट. माझा डावा 1.24, उजवा 1.58.

मग त्यांनी पडद्यावरून परतणाऱ्या उजेडात लेन्समागची पिशवी पाहिली. उजव्या डोळ्यात तिथे साबुदाण्यासारखे मोती, म्हणजे उरलेल्या पेशी वाढून आलेली जाळी. डाव्या डोळ्यात पिशवी स्वच्छ. ही खात्री आधी करून घेणं महत्त्वाचं होतं. दोष लेन्सचा असताना पिशवीला लेसरने भोक पाडलं, तर नंतर लेन्स बदलताना मागचा जेलीसारखा द्रव पुढे येऊ शकतो.

उजव्या पिशवीला भोक पाडणारा हा लेसर, यॅग लेसर, पाच मिनिटांत आटोपला. टक् टक् आवाज, दुखलं काहीच नाही. नंतर डोळ्याचा दाब तपासला, आणि विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा पडदा ओढल्यागत सावली आली तर लगेच यायला बजावलं. आठवडाभर माशांसारखे ठिपके तरंगत होते. महिन्याने आकडा 1.29 आला. समोरच्या दिव्यांभोवती अजून थोडी प्रभा असते, पण कडेचा माणूस दिसतो.

यंदाच्या तपासणीत नव्या सहायकाने फोटो काढला आणि दचकून म्हणाला, "काका, तुमच्या दोन्ही लेन्सा पांढऱ्या झाल्यात, कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटलं, सांगितलंय, तुम्ही ती लुकलुकणारी चाचणी लावा.