‘अंक क्रमांक’ या रकान्यात अडकलेला अर्ज

टाइप सिस्टिम, म्हणजे प्रोग्रॅममधले कोणते मूल्य संख्या, कोणते अक्षर हे ठरवणारे प्रोग्रॅमिंग भाषेचे नियम, या संगणकशास्त्रातल्या विषयातली पीएच.डी. आणि त्यानंतरची परदेशातली पोस्टडॉकची वर्षे यांविषयी माझी तक्रार नाही. सहयोगी प्राध्यापकपदाच्या अर्जाची छाननी मात्र अजून डोक्यातून जात नाही.

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार या पदासाठी समीक्षित किंवा यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांत किमान ७ शोधनिबंध आणि एकूण ७५ संशोधन गुण लागतात. आमच्या विषयातले महत्त्वाचे काम मात्र बहुधा परिषदांतच प्रसिद्ध होते. १९७३ पासून भरणारी ‘पॉपल’ ही प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांवरची परिषद त्यांतली सर्वांत मानाची. २०१५ साली ती मुंबईत झाली, तेव्हा मी तिथे निबंध वाचला होता. नियमावलीतल्या तक्त्यानुसार त्याचे गुण ५, कारण परिषद देशात झाली. परदेशात झाली असती तर ७ मिळाले असते. सातांच्या मोजणीत तर तो धरलाच नाही.

अशा अडचणी इतर देशांतही असल्याने एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द एसीएम ऑन प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस’ हे नियतकालिक सुरू केले आणि २०१८पासून पॉपलचे निबंध त्यात येऊ लागले. माझे नंतरचे निबंध त्यामुळे नियमात बसत होते. हे नियतकालिकच आहे, हे छाननीच्या टेबलावर कसेबसे पटवले, तर ऑनलाइन अर्ज अंक क्रमांक मागू लागला. या नियतकालिकाच्या अंकांना क्रमांक नसतातच; परिषदेचे नाव हेच अंकाचे नाव, म्हणजे खंड २, अंक पॉपल. रकाना मात्र फक्त आकडे घेत होता.

“मॅडम, १ टाका ना, कोण बघतंय?” असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही, कारण मूळ निबंधाशी न जुळणारा आकडा पुढे कोणीही आक्षेपासाठी काढला असता. रकान्याने अक्षर नाकारले यात त्याचा दोष नव्हता. ज्याने त्याला ‘संख्या’ हा टाइप दिला, त्याने कधी नियतकालिक उघडून पाहिले होते का, हा माझा प्रश्न होता. मी लेखी अर्ज देत राहिले, तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहिला, आणि प्रत्येक खोलीत तो रकाना बदलण्याचा अधिकार पुढच्या खोलीकडे असल्याचे कळत राहिले. शेवटी बाहेरून आलेल्या एका विषयतज्ज्ञांनी कागद पाहून दोन ओळींचा शेरा लिहिला आणि तो अर्जाला जोडला गेला. त्या दोन ओळींसाठी माझे अख्खे सत्र गेले.

म्हणून प्रत्येक निबंधाचे पहिले पान आणि नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक, २४७५-१४२१, छापून सोबत न्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी बंद करून नियतकालिकांच्या निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवल्यापासून हे कागद अधिकच लागतात. एक राहिलेच: दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रमुख किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण मिळतात आणि इतरांना प्रत्येकी ३०, तेव्हा पत्रव्यवहार कोणी केला याचे पत्र सहलेखकांकडून ते नोकरी बदलण्याआधीच घेऊन ठेवावे.