गोदाकाठी भैरव रंगवताना

नाशिकला गेले ते एका चित्रकार ताईंसाठी. ताई शास्त्रीय संगीतातला ख्याल गातात आणि जलरंगात काम करतात, तेही एकाच वेळी, एकाच बैठकीत. हे बघितल्याशिवाय पटणार नव्हतं.

थंडी कडाक्याची होती. उजाडायच्या आत रामकुंडावर स्नानाची गर्दी सुरू झालेली. आम्ही नारोशंकराच्या देवळाजवळ पायऱ्यांवर बसलो. ताईंनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, हातकागद पाण्यानं पूर्ण भिजवला आणि भैरव या सकाळच्या रागाचा आलाप सुरू केला. बराच वेळ कुंचला नुसता हातात. मग कोमल रिषभ, म्हणजे खालचा 'रे' लागला, झुलत आंदोलन घेऊ लागला, तसा त्यांनी निळीचा एक थेंब ओल्या कागदावर सोडला. सूर धरलेला होता तोवर निळा रंग पसरत राहिला. विलंबित, म्हणजे संथ लयीतली बंदिश सुरू झाल्यावर त्यातूनच देवळाचं शिखर दिसू लागलं. अंगावर काटा आला.

मी विचारलं, "ताई, कोमल रिषभाचा रंग निळा का?"

"असं काही नसतं गं. कागद किती ओला आहे ते बघायचं आणि तेवढा सूर लांबवायचा. मे महिन्यात कागद लगेच सुकतो, तेव्हा मी द्रुतच, जलद लयीतलंच गाते."

मला हेच फार मोलाचं वाटतं. रागमाला चित्रं, म्हणजे एकेका रागाचं रूप दाखवणारी जुनी लघुचित्रं, मला मनापासून आवडतात. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं, हिंदोल म्हणजे झोपाळा. पण तिथं रागाची मूर्ती होते. ताईंच्या कागदावर रागाची लय उतरते, आणि ती खोडता येत नाही. जिथं श्वास घेतला तिथं रंगाची कड वाळून उमटलेली असते. त्यांनी बोट ठेवून दाखवली.

ताईंचं गाणं ग्वाल्हेर घराण्याचं. नाशिकात ते शोभतंच. त्याच घराण्याचे गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला रामनाम आधार आश्रम इथंच काढला, आणि 1921 साली त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्करांचा जन्मही इथलाच. जेमतेम 34 वर्षांचं आयुष्य, पण तेवढ्यात केवढं गाऊन गेले!

नंतर झणझणीत मिसळ झाली. निघताना ताई म्हणाल्या, "पावसाळ्यात ये, मेघ राग गाणार आहे. नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरून आम्ही पूर मोजतो, त्याच्या कमरेला पाणी लागलं की फोन करते."


रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय, तारीख तेवढी कोरी सोडली आहे.