पिशवीभर शुगरफ्री

नाशिकला गंगापूर रोडच्या माझ्या आहारसल्ल्याच्या क्लिनिकमध्ये अंबड एमआयडीसीतले बरेच जण येतात. हे त्यातलेच, एका कारखान्यात सुपरवायझर. वजन ९१ वरून ८८ वर आलं आणि तिथेच अडून बसलं. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढून झाला होता, तो नॉर्मल. पोट बिघडतं म्हणून गोळ्या चालू. "मॅडम, चमचाभरसुद्धा साखर नाही पोटात," हे पालुपद.

आहाराच्या डायरीवर माझा फार भरवसा नाही, तिथे सगळेच शहाणे असतात. मी रिकामी पाकिटं, डबे, बाटल्या आणायला सांगते. त्यांनी भाजीची पिशवीच टेबलावर रिकामी केली. शुगरफ्रीच्या गोळ्यांची डबी, डाएट कोलाचे कॅन, शुगरफ्री काजूकतलीचा बॉक्स, इन्स्टंट कॉफी आणि जिमच्या ट्रेनरनं गळ्यात मारलेला प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायच्या) पावडरचा डबा. मी भिंग काढलं. पुढे 'शुगरफ्री' तळहाताएवढं, मागचा मजकूर मुंगीएवढा. हे छापणाऱ्यांना एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं.

हिशेब मांडला. चहा-कॉफीचे सात कप, पूर्वी प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे ७० ग्रॅम, २८० कॅलरी खरोखरच वाचत होत्या. त्या गोळ्यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण "साखर वाचलीये ना" म्हणून काजूकतलीचे चार तुकडे जात होते. काजू तेच, तूप तेच. साखरेऐवजी माल्टिटॉल, त्यातही साखरेच्या निम्म्याहून जास्त कॅलरी असतातच. वाचवलेलं सगळं तिथेच फिटत होतं, वर थोडं उधार. पोटाचंही कोडं तिथेच सुटलं. माल्टिटॉल जास्त झालं की जुलाब होतात, तसा इशारा त्याच बॉक्सवर छापलेला होता.

मग कॅफीन. पावडरच्या एका स्कूपमध्ये २००, कॉफीचे चार कप धरून अंदाजे २४०, चहाचे तीन धरून ९०. कोला सोडूनच पाचशेच्या वर मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था २०१५ पासून सांगते. थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, शेवटची कॉफी पहाटे पाचला. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि हे साडेआठला आडवे होणार!

"झोप किती?" म्हटल्यावर ते गप्प. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "साडेअकरालाच उठून बसतात, चिडचिड करतात. मग मिसळ मागवतात, वर तर्री वेगळी." डायरीत मिसळ कुठेच नव्हती. झोप मोडली की भूक वाढते आणि ती भाकरी-भाजीवर भागत नाही, हे रोज बघते. धडधडीची चौकशी करणाऱ्या कुणीच त्यांना कॉफीबद्दल विचारलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

पावडर बंद केली. कॉफी एकदम तोडली तर डोकं ठणकतं, म्हणून दर आठवड्याला एक कप कमी, आणि रात्री दोननंतर शून्य. त्यावर त्यांनी विचारलं, "मग परत साखर घेऊ का?"

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला शुगरफ्री गोळ्यांसारखे गोड पर्याय वापरू नयेत (मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही). थोड्या काळाच्या चाचण्यांत वजन जरा उतरतं, पुढे टिकल्याचा पुरावा नाही. पण सात कप पिणाऱ्याला "साखर घ्या" तरी कसं म्हणू? कप कमी करा, उरलेल्यात अर्धा चमचा साखर घाला, असं सांगितलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

आता ८६ आहेत, धडधड थांबलीये. पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्टचा तक्ता अंगवळणी पडेपर्यंत थर्ड लागते. तीन शिफ्टचे तीन तक्ते दिलेत, वहिनींनी फ्रिजला लावलेत. थर्डच्या आठवड्यात वजन अजूनही हलत नाही. पहाटे पाचला मशीनजवळ डोळे मिटायला लागले तर कॉफीऐवजी काय घ्यायचं, हे मात्र मला त्या तक्त्यात लिहिता आलेलं नाही.