टोपी काढून गाणारा म्हातारा

मॉन्ट्रियलमध्ये रात्री रस्त्यावरचा बर्फ उचलायच्या आधी एक गाडी भोंगा वाजवत फिरते. रडक्या पोरासारखा दोन सुरांचा भोंगा. गाड्या हलवा, नाहीतर उचलून नेऊ, एवढाच त्याचा अर्थ. 2023 च्या फेब्रुवारीत माझ्याकडे हलवायला गाडीच उरली नव्हती, विकून झाली होती. तरी सुट्टीच्या रात्री भोंगा वाजला की मी दचकून उठायचो आणि अंधारात किल्ली चाचपायचो.

पैशाचं थोडक्यात सांगतो, लांबवलं की अजून तोंड कडू होतं. घराच्या डाउन पेमेंटसाठी नऊ वर्षं साठवलेले पैसे एका ओळखीच्या माणसाबरोबर किराणा दुकानाच्या भागीदारीत घातले. गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहून टाळ वाजवणारा माणूस. आपल्या माणसाचे कागद काय वाचायचे, म्हणून सह्या करून मोकळा झालो. नोकरीही सोडली. वर्षभरात दुकान बसलं, हिशेबाच्या वह्या सापडेनात आणि तो फोन उचलेनासा झाला. बायकोला सगळं माहीत होतं. गिरगावात अण्णांना मात्र काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी फोनवर ते विचारायचे, "दुकान कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय."

पैसे गेल्याचं दुःख एकवेळ पचतं. आपण बावळट ठरलो हे पचत नाही. पार्क एक्स या आपल्याकडच्या लोकांच्या वस्तीत, भाजीबाजारात मराठी बोलणं कानावर आलं की मी कोथिंबीर तिथेच टाकून दुसऱ्या गल्लीत वळायचो.

त्या हिवाळ्यात पावाच्या कारखान्यात रात्रपाळी धरली, अकरा ते सात. पट्ट्यावरून पाव येत राहतात आणि करपलेले, वाकडे झालेले बाजूला काढायचे. माझ्या शेजारी हैतीचा एक गृहस्थ होता, साठीच्या घरातला. फोन पिठाच्या पोत्याला टेकवून तो गाणी लावायचा. त्यातला एक आवाज ऐकून माझा हात थांबला. आवाज कसला, तळघरात कुणीतरी जुनं लाकडी कपाट हळूहळू सरकवत होतं. कोण म्हणून विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "सकाळी क्रेसेंट स्ट्रीटवर जा आणि मान वर कर."

गेलो. तिथल्या उंच इमारतीच्या भिंतीवर जमिनीपासून गच्चीपर्यंत रंगवलेला म्हातारा, डोक्यावर टोपी आणि छातीवर हात. माँट रॉयलच्या टेकडीवरूनही दिसतो. हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मला ती सुटाच्या दुकानाची जाहिरात वाटायची.

तो लेनर्ड कोहेन. जन्म याच शहरातला, 1934 चा. आधी कवी, कादंबरीकार, आणि तिशी उलटल्यावर गायक. 'सुझान' या गाण्यात बंदराकडे बघणाऱ्या मेरीमातेचा उल्लेख येतो, ते बोनस्कूर चॅपल जुन्या मॉन्ट्रियलमध्ये आजही उभं आहे. रात्रपाळी संपवून एकदा तिथे गेलो होतो, पण दार बंद होतं आणि बूट आतून ओले झाले होते. कान दुखायला लागल्यावर परत आलो.

खरं धरलं ते त्याच्या म्हातारपणाच्या गाण्यांनी. पाच वर्षं तो लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावर एका झेन बौद्ध मठात राहिला, तिथे स्वयंपाक केला, बर्फ उपसला. पुढे सत्तरीत कळलं की ज्या मॅनेजरबाईवर सगळं सोपवलं होतं, तिने त्याची म्हातारपणाची पुंजी साफ केली आहे. 50 लाख डॉलरच्या आसपास गेले. कोर्टात तो जिंकला, पण कागदावरच. मग 2008 च्या मे महिन्यात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कॅनडातल्या फ्रेडरिक्टन या लहानशा गावातून त्याने पुन्हा दौरा सुरू केला. शेवटचा कार्यक्रम झाला डिसेंबर 2013 मध्ये, ऑकलंडला. रोज तीन-तीन तास गायचा. साथीदार एकटा वाजवायला लागला की हा टोपी काढून छातीशी धरायचा आणि त्याच्याकडे तोंड करून ऐकत उभा राहायचा, जणू तोच आपला गुरू.

कारखान्याच्या मधल्या सुट्टीत मी हे व्हिडिओ बघायचो. लुबाडला गेलेला माणूस सुटाबुटात येतो, गुडघ्यांवर बसून गातो आणि कुणाचंही नाव घेत नाही. 'सगळं ठीक होईल' असलं तो चुकूनही म्हणत नाही. तेव्हा लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या धीराच्या सुविचारांनी माझं डोकं फिरायचं. हा मात्र म्हणायचा, अंधार आहे, आणि मग तो अंधार नीट मापून, कडा शिवून समोर ठेवायचा. एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं घासायचा. 'हॅलेलुया' असलेला अल्बम अमेरिकेतल्या कंपनीने 1984 मध्ये बाजारात आणायलाच नकार दिला होता, हे वाचून मी एकटाच हसलो. शेजारच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, करपलेला पाव.

एका रात्री वाचता वाचता मी उडालोच. मठातून उतरल्यावर, 1999 मध्ये, हा गृहस्थ मुंबईला गेला होता! रमेश बाळसेकरांकडे. बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले बाळसेकर वॉर्डन रोडच्या घरी सकाळी अद्वैतावर बोलायचे. कोहेन पुढेही काही वेळा आला, केम्प्स कॉर्नरला साध्या हॉटेलात उतरायचा. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि रोज बसने केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून जायचो. आयुष्यभराचं नैराश्य त्याच सुमारास उतरलं, असं तो सांगायचा. श्रेय मात्र कुणा एकाला द्यायला तयार नसायचा. वय वाढलं की चिंता करणाऱ्या पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय, म्हणायचा.

आणि बाळसेकरांचे गुरू कोण, तर निसर्गदत्त महाराज. विड्यांचं दुकान चालवणारे, खेतवाडीतल्या घरी माळ्यावर बसून मराठीत बोलणारे. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर.

त्या रविवारी दुकानाचा विषय निघायच्या आत मीच अण्णांना विचारलं, "विडीवाले महाराज आठवतात का?"

"न आठवायला काय झालं? गोरी माणसं यायची. आम्हाला गंमत वाटायची, एवढं विमानाचं भाडं भरून खेतवाडीत कशाला येतात."

मग मी त्यांना कोहेनची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. मॅनेजरबाईपर्यंत आलो आणि अडखळलो. अण्णा गप्प. मागे पंख्याची टकटक ऐकू येत होती. तिथून मी माझी गोष्ट सांगायला लागलो. कधी एकीतून दुसरीत शिरलो, कळलंच नाही. आकडा विचारला तोही सांगितला, रुपयांत करून.

बराच वेळाने ते म्हणाले, "त्या तुझ्या गाणाऱ्याला पैसे मिळाले का परत?"

"नाही. गात फिरला, पुन्हा कमावले."

"हं," अण्णा म्हणाले. "आणि तुला तर साधी आरती सुरात म्हणता येत नाही."