तार इतकी खाली का?

"काका, अँटेना म्हणजे उंच पाहिजे की! तुमची तर कपडे वाळत घालायच्या तारेसारखी दिसतीय." हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना काढल्यापासून गच्चीवर येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आणीबाणीत मला सोलापुरातून परदेशाशी बोलायचं नसतं, लातूरशी, पुण्याशी बोलायचं असतं. हातातला व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा) सेट तिथवर पोचत नाही. ४० मीटर बँडची, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची, तार खूप उंच बांधली तर तिचा जोर क्षितिजाकडे जातो. हजार किलोमीटरवरचा माणूस खणखणीत ऐकू येतो आणि लातूर गप्प! तीच तार तीन-चार मीटरवर आडवी ताणली की लहरी सरळ वर जातात आणि अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून, परतून आसपासच्या जिल्ह्यांवर पडतात. पाण्याची नळी आभाळाकडे धरली की आपणच भिजतो, तसंच हे.

माप सोपं आहे. १४३ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचं, की लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर तार लागते. मधोमध कापून तिथे सेटकडून येणारी कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी) जोडायची. सुरुवातीला तार वीतभर जास्तच ठेवा. एसडब्ल्यूआर मीटर (तारेकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; आकडा एकच्या जितका जवळ तितका चांगला) बघत छाटता येते, पण कमी पडली की जोड देत बसा. दोन वेळू, नायलॉनची दोरी आणि इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढ्यात भागतं.

एका सरावात मी तार पत्र्याच्या शेडवरून नेली. एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येईना. अर्धा तास कनेक्टर उसकटत बसलो, आणि दोष निघाला पत्र्याचा. सोलापुरात पत्रा टाळून जागा शोधणं हेच निम्मं काम. विजेच्या तारांपासून मात्र इतकं लांब राहायचं, की वेळू आडवा पडला तरी तिथवर पोचू नये. यात थट्टा नाही.

रात्रीचं गणित वेगळं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना झाला. त्या वेळेला ७ मेगाहर्ट्झच्या सरळ वर गेलेल्या लहरी बहुधा आयनोस्फिअर भेदून निघून जातात. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र तेव्हाही परततात. म्हणून ८० मीटर बँडची (साधारण साडेतीन मेगाहर्ट्झची), ४० मीटर लांबीची दुसरी तारही मी गुंडाळून तयार ठेवतो.

तार खाली असण्याचा एक तोटा आहे. बोलणं चालू असताना तिच्या टोकांना हात लागला तर चटका बसतो. परवा शेजारच्या मावशींनी खरंच तिच्यावर चादर वाळत घातली. सेट बंद होता म्हणून बरं. आता टोकांना लाल चिंध्या बांधल्यात.