हैरतानचा नाका

'अफगाणिस्तानावर तू काय लिहिणार?' असं मुलगी विचारते. प्रश्न रास्त आहे. मी तिकडे कधी गेले नाही, जाण्याची शक्यताही नाही. पण वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आयातीचे कागद करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, आणि त्यातला मोठा भाग अफगाण मालाचा. अंजीर, जर्दाळू, हिंग, शहाजिरं, काळ्या मनुका. पेपरात तिथल्या बातम्या बॉम्बच्या आणि तालिबानच्या असतात. आमच्याकडे त्याच बातम्या वेगळ्या वाटेने येतात: कंटेनर अडकला, भाव चढला, मूळ देशाच्या दाखल्यावरचा शिक्का बदलला.

गाळ्यावरच्या माथाडी मामांना या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. ते पोतं उघडतात, अंजिराची माळ बाहेर काढून हातावर तोलतात. चांगली माळ खडखडीत नसते आणि चिकटही नसते. बोटाने दाबली की अंजीर जरा दबतं आणि दोरीवरच हळूच परत फुगतं. 'ताई, हा माल उन्हात पडून होता कुठंतरी,' मामा सांगतात, आणि मी तारखा बघते तेव्हा तो खरंच कुठल्या तरी सीमेवर थांबलेला निघतो.

कुठल्या सीमेवर, आणि तिथे कोणाचा माणूस बसलाय, हा या धंद्यातला खरा प्रश्न. काबूलला राष्ट्राध्यक्ष कोण, हे आमच्या शेठनी मला कधी विचारलेलं आठवत नाही.

म्हणूनच 2017 च्या डिसेंबरातली गोष्ट डोक्यात राहून गेली. काबूल ते मुंबई मालवाहू विमानसेवा सुरू होणार म्हणून मार्केटमध्ये त्या महिन्यात उत्साह होता. दिल्लीची आधीच, जूनमध्ये सुरू झाली होती. पाकिस्तानचा रस्ता टाळून सुकामेवा थेट येणार, म्हणजे आमचं कागदांचं काम वाढणार. आणि त्याच महिन्यात, 18 तारखेला, राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांच्या कार्यालयाने जाहीर केलं की बल्ख प्रांताचे गव्हर्नर अता मुहम्मद नूर यांचा राजीनामा मंजूर झाला आहे. नूर यांनी तो मंजूर झाल्याचंच मानलं नाही. मी जात नाही, म्हणाले. काबूलने त्यांच्या जागी नेमलेला माणूस बल्खची राजधानी मजार-ए-शरीफला जाऊन खुर्चीत बसूच शकला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे जरा उलटं वाटेल. आपला राज्यपाल दिल्लीने पाठवलेला असतो आणि वाद झालाच तर तो मुंबईतल्या निवडून आलेल्या सरकारशी होतो. अफगाणिस्तानच्या 2004 च्या घटनेत प्रांताला निवडून आलेलं सरकारच नव्हतं. चौतीसच्या चौतीस प्रांतांचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमायचे. प्रांतिक परिषदा निवडून यायच्या, पण त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. कागदावर बघितलं तर जगातल्या अति-केंद्रित राज्यव्यवस्थांपैकी एक. प्रत्यक्षात ज्याच्याकडे आधीपासून बंदूकवाली माणसं होती, त्यालाच नेमणुकीचं पत्र मिळायचं. म्हणजे केंद्राने नेमलेला माणूसच केंद्राला जुमानत नव्हता.

नूर हे असेच. मूळचे शिक्षक, म्हणून 'उस्ताद' म्हणायचे त्यांना. सोव्हिएत फौजांविरुद्ध आणि नंतर तालिबानविरुद्ध लढलेले, जमियत-ए-इस्लामी पक्षाचे. 2004 पासून बल्खचे गव्हर्नर, म्हणजे तेरा-चौदा वर्षं एकाच खुर्चीत. आपल्या मार्केटमधले लोक त्यांना ओळखायला लागले ते जानेवारी 2016 मध्ये. मजारच्या भारतीय वाणिज्य दूतावासावर हल्ला झाला, तेव्हा हे गव्हर्नरसाहेब स्वतः रायफल घेऊन तिथे उभे असलेले फोटो सगळीकडे फिरले. शेठनी तो फोटो मला दाखवला आणि म्हणाले, 'बघा मॅडम, असा कलेक्टर पाहिजे.' मी म्हटलं, 'शेठ, आपल्या कलेक्टरने रायफल हातात घेतली तर तुम्हीच पहिले दुकान बंद कराल.' हसले.

पण त्या रायफलीपेक्षा मला हैरतान महत्त्वाचं वाटतं. बल्ख प्रांताच्या उत्तर टोकाला, अमू दर्या नदीच्या काठावरचं हे गाव. पलीकडे उझबेकिस्तान. सोव्हिएत काळात, 1982 मध्ये, तिथे मैत्री पूल बांधला गेला. त्याच पुलावरून 15 फेब्रुवारी 1989 ला जनरल ग्रोमोव्ह चालत परत गेले आणि सोव्हिएत फौजांची माघार पूर्ण झाली. नंतर आशियाई विकास बँकेच्या पैशातून हैरतान ते मजार 75 किलोमीटरचा रेल्वेमार्ग झाला. मध्य आशियातून येणारं इंधन, गव्हाचं पीठ, लोखंड, सगळं याच नाक्यातून आत शिरायचं. आणि हे सगळं काबूलला पोचवायला मध्ये हिंदुकुश. 1964 मध्ये सालंग बोगदा झाला, सुमारे 3,400 मीटर उंचीवरचा. त्याआधी उत्तर आणि दक्षिण ही जवळजवळ दोन वेगळी राज्यंच होती. काबूलपासून इतक्या अंतरावर एवढी जकात ज्याच्या अंगणात जमा होते, त्याने वरून आलेल्या फॅक्सला भीक का घालावी?

याचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको. मुलुंड आणि ऐरोलीचे जकात नाके ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल. माझा मोठा दीर टेम्पो चालवायचा. ऐरोलीच्या पुलावर रात्री ट्रकांची रांग, पुठ्ठ्याच्या फायली काखेत धरून धावणारे एजंट, आणि चहाच्या टपरीवर 'तुझं किती झालं' याची चर्चा. मुंबई महापालिकेला त्या नाक्यांतून वर्षाला 7,000 कोटींच्या आसपास मिळायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि नाके बंद झाले. त्या बदल्यात राज्याने भरपाई द्यायची, पहिला हप्ता 647 कोटींचा, आणि तो धनादेश द्यायचा कार्यक्रमही दोन पक्षांच्या घोषणाबाजीत पार पडला. पैसे तेवढेच मिळणार होते, तरी एवढी ओरड कशाला? कारण कालपर्यंत तुम्ही ट्रक थांबवत होतात, आणि आजपासून तुम्ही दर महिन्याला धनादेशाची वाट बघणार. आपल्याकडे हा बदल घोषणांवर भागला. नाक्यावर मुनीम होते, बंदूकवाले नव्हते.

घनींना हे कळत नव्हतं असं नाही. उलट त्यांच्याइतकं कोणालाच कळत नसेल. 2003 मध्ये ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांचे अर्थमंत्री होते. तेव्हा हेरातचे गव्हर्नर इस्माईल खान इराण सीमेवरच्या 'इस्लाम कला' या नाक्याची सगळी कमाई स्वतःकडे ठेवत होते. मे महिन्यात करझाईंनी गव्हर्नरांना काबूलला बोलावून सीमाशुल्क केंद्राच्या तिजोरीत भरायच्या करारावर सह्या घेतल्या. हेरातमधून सुमारे 2 कोटी डॉलर आले. पुढल्या वर्षी सप्टेंबरात इस्माईल खानांना हटवलं, हेरातमध्ये दंगल झाली, संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या जाळल्या गेल्या, आणि मग त्यांना काबूलला मंत्री करून टाकलं. ऊर्जा खातं दिलं.

बल्खला मात्र हा डाव तसा चालला नाही, आणि माझ्या मते दोष बराचसा घनींचा. तत्त्व त्यांचंच बरोबर होतं, हे मी मान्य करते. एका माणसाने तेरा वर्षं नाका आणि कंत्राटं हाताखाली ठेवावीत आणि देशाच्या तिजोरीने हात पसरावेत, हे कुठल्या राज्यात चालेल? नूर जकातीतून गब्बर झाले असे आरोप वर्षानुवर्षं होत होते, ते नाकारत राहिले. पण 2014 ची निवडणूक आठवा. घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला यांच्यात इतकी जुंपली की अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरींना मध्यस्थी करून दोघांचं मिळून सरकार बनवावं लागलं. नूर अब्दुल्लांच्या बाजूचे. त्यामुळे 2017 मध्ये, पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, घनींनी नूरना हटवलं तेव्हा ही कारवाई जकातीसाठी आहे यावर उत्तरेत कोण विश्वास ठेवणार? ताजिक नेत्याला पश्तून राष्ट्राध्यक्ष बाजूला करतोय, एवढंच लोकांना दिसलं. फेब्रुवारीत शेजारच्या समनगान प्रांताचे गव्हर्नर, तेही जमियतचे, त्यांनाही हटवलं. त्यांनीही जायला नकार दिला. एकाचं बघून दुसरा शिकला.

आणि हे कधी चाललं होतं? 20 जानेवारी 2018 ला काबूलच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलवर हल्ला. 27 तारखेला रुग्णवाहिकेत भरलेल्या स्फोटकांनी शंभरहून अधिक माणसं मेली. राजधानीचं रक्षण जमत नाही आणि तीन महिने बोलणी चालली आहेत ती एका गव्हर्नरने खुर्ची सोडावी म्हणून. त्या बोलण्यांत नूर यांच्या पक्षाने मंत्रिपदं मागितली, राजदूतपदं मागितली. मला आमच्या सोसायटीच्या निवडणुकीची आठवण येत होती, पण तो विषय वेगळा.

शेवटी 22 मार्च 2018 ला नूर यांनी पद सोडलं. घनींनी आधी नेमलेल्या माणसाऐवजी महंमद इशाक रहगुजर गव्हर्नर झाले, म्हणजे पुन्हा नूर यांच्या पसंतीचेच. नवरोजच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशीची ही घटना. मजारच्या निळ्या दर्ग्यात तेव्हा नवरोजला झेंडा उभारायचे, लाखो लोक यायचे, आसपासच्या टेकड्यांवर लाल ट्युलिप फुललेले असायचे. त्याच मुहूर्तावर तोडगा निघाला, हा योगायोग असेल किंवा नसेल.

(इशाक नावावरून एक गंमत. 1888 मध्ये याच प्रदेशाचा गव्हर्नर सरदार इशाक खान याने काबूलच्या अमीर अब्दुर रहमानविरुद्ध बंड केलं होतं. चुलतभाऊच तो त्याचा. तो हरला. हा दुसरा इशाक तडजोडीतून आला.)

तडजोड झाली म्हणजे भांडण मिटलं असं नव्हतं. मार्च 2019 मध्ये घनींनी बल्खला नवा पोलीस प्रमुख पाठवला तर मजारच्या रस्त्यांवर नूर यांची माणसं आणि सरकारी दलं यांच्यात गोळीबार झाला. खुर्चीवरचा माणूस वर्षभरापूर्वीच बदलला होता. पण पोलीस चौकीतला, नाक्यावरचा, गोदामाच्या चावीचा माणूस तोच होता. आमच्या धंद्यात हे फार लवकर कळतं. आयुक्त बदलला म्हणून कागद लवकर सुटत नाही, खालचा परीक्षक बदलला की सुटतो.

त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी 2019 मध्ये, घनींनी निमरूझ प्रांतातल्या झरंजहून चाबहारकडे 23 ट्रक रवाना केले होते. 57 टन माल, सुकामेवा, गालिचे वगैरे, मुंबईसाठी. त्या बातमीचं कात्रण मी फाईलला लावून ठेवलंय. इराणच्या बंदरातून येणारा हा रस्ता भारतानेच बांधायला मदत केलेला. पाकिस्तान नको, म्हणून चाबहार. पण तो नाकाही कुठल्या तरी प्रांताच्या टोकालाच, काबूलपासून कित्येकशे किलोमीटरवर. त्या देशाचा बराचसा पैसा असा कडेकडेने येतो आणि राजधानी मध्ये कुठेतरी डोंगरात बसलेली.

14 ऑगस्ट 2021 ला मजार तालिबानच्या हाती पडलं. नूर आणि उत्तरेतले उझबेक नेते दोस्तम दोघेही त्याच हैरतानच्या पुलाने उझबेकिस्तानात गेले. दुसऱ्या दिवशी घनीही देश सोडून गेले. तीन महिने एका खुर्चीवरून भांडलेले नूर आणि घनी चोवीस तासांच्या अंतराने परागंदा झाले.

तालिबानने नाके मात्र खरंच ताब्यात घेतले, हे आमच्या कागदांवरून कळतं. शेठचा तिकडचा व्यापारी सांगतो की पूर्वी वाटेत प्रत्येक टोळीला वेगळं द्यावं लागायचं, आता एकच पावती फाडतात. गव्हर्नरही एका जागी फार काळ ठेवत नाहीत, इकडून तिकडे हलवत राहतात. त्यांनी जुन्या राजवटीकडून शिकलेला हा एक धडा असावा. बल्खच्या तालिबानी गव्हर्नरला मार्च 2023 मध्ये त्याच्या कार्यालयातच बॉम्बने मारलं, तरी नवा माणूस आला आणि काम चालू राहिलं.

तरी परवाच्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 च्या, वेगळाच गुंता बघितला. 16 तारखेला फायबर इंटरनेट बंद झालं ते सगळ्यात आधी बल्खमध्ये, आणि गव्हर्नरच्या प्रवक्त्याने सांगितलं की कंदाहारला बसणाऱ्या तालिबानच्या सर्वोच्च नेत्याचा हुकूम आहे. महिनाअखेरीस देशभरच फोन आणि इंटरनेट बंद, सुमारे दोन दिवस. पूर्वी बल्खचा गव्हर्नर काबूलचं ऐकत नव्हता. आता तो थेट कंदाहारचं ऐकतो. मधल्या काबूलच्या मंत्र्यांचं नेमकं काय स्थान, हे त्यांनाच माहीत असेल.

आमच्यापुरतं झालं ते असं. हिंगाच्या एका कन्साइनमेंटच्या फायटो सर्टिफिकेटचा, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याच्या दाखल्याचा, स्कॅन त्या दोन दिवसांत येणार होता, तो आला नाही. माल न्हावा शेवाला उतरलेला, कस्टम्सला मूळ कागदाची प्रत हवी, आणि मजारच्या व्यापाऱ्याला फोनच लागेना. शेठ केबिनमधून ओरडत होते, 'मॅडम, कोणाला तरी विचारा!' मी म्हटलं, 'विचारते, पण कोणाला ते सांगा. मजारला, काबूलला की कंदाहारला?' ते डिमरेजचा, म्हणजे बंदरावर माल पडून राहिल्याच्या दंडाचा, हिशोब करत बसले. स्कॅन तिसऱ्या दिवशी आला, अर्धवट, खालचा शिक्का कापलेला. परत मागवला.